अर्धेलीच्या तीन कालवडी

टॉमी हेहर या माणसाला आयर्लंडमधल्या निदान चाळीस मराठी माणसांनी शिव्या घातल्या आहेत आणि त्यातल्या एकानंही त्याचं तोंड पाहिलेलं नाही. शिव्या घालायला लावल्या मी. गोष्टी सांगायची मला हौस आहे, आणि ही गोष्ट मी फार रंगवून सांगत असे. भोळा मराठी नवरा, बनेल आयरिश म्हातारा आणि तीन कालवडी. बायका हळहळायच्या, पुरुष म्हणायचे, "अरे यार, लिहून नाही का घ्यायचं!" आज तीच गोष्ट सांगते, पण आहे तशी. राग येईल तुम्हाला. येऊ दे. मलाही येतो.

भोळा नवरा म्हणजे देवदत्त. मूळचा फलटणचा. वडील एसटीच्या डेपोत मेकॅनिक, त्यामुळे हा पठ्ठ्या जन्मल्यापासून ग्रीसच्या वासात वाढला आणि पुढे विमानांच्या देखभालीत शिरला. आधी मुंबई, मग २०१६ पासून आयर्लंडचा शॅनन विमानतळ. मी शुभदा, चिंचवडची. हृदयात घालायच्या बारीक नळ्या बनवणाऱ्या एका कारखान्यात चाचण्यांच्या आकड्यांवरून नळ्यांचे दोष शोधायचं काम करते. दोष शोधायचा मला पगार मिळतो, हे देवदत्त आल्यागेल्याला सांगतो आणि वर म्हणतो, "घरी ती फुकट शोधते." आम्हाला एक मुलगी, गुंजन. आम्ही मराठीत विचारायचं आणि तिनं क्लेअर परगण्याच्या हेलात इंग्रजीत उत्तर द्यायचं, असा आमच्या घरातला कारभार.

क्लेअरमधल्या एनिस गावाच्या बाहेर पाच किलोमीटरवर आम्ही भाड्यानं राहत होतो. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितलं की शेजारी टॉमीचं कुरण. टॉमी तेव्हा चौऱ्याहत्तरचा. लग्न केलेलं नाही, भाची बॉस्टनला. चौदा गाई, त्यांच्याखालची वासरं, आणि चाळीसेक एकर ओली जमीन, त्यातलं निम्मं लव्हाळं. या गाई दुधाच्या नव्हेत. गाईचं सगळं दूध वासरानं प्यायचं, वासरानं गवत खाऊन वाढायचं आणि पुढे मांसासाठी विकलं जायचं, असा तो धंदा. सासूबाईंना आम्ही फोनवर "शेजारी गाई आहेत हो खूप" एवढंच सांगितलं होतं. त्यांनी आपलं आपण दूध समजून घेतलं.

मार्च २०२० मध्ये विमानं जमिनीवर आली आणि देवदत्तची नोकरी गेली. लग्न झाल्यापासून हा माणूस कधी आठवडाभर घरी बसला नव्हता. पहिल्या चार दिवसांत त्यानं घरातल्या सगळ्या प्रेसच्या, म्हणजे इथं कपाटाला प्रेस म्हणतात, त्यांच्या बिजागऱ्या काढून परत बसवल्या. पाचव्या दिवशी मिक्सर उघडला. मी म्हटलं, "देवदत्त, आता त्या मिक्सरला हात लावलास तर मी तुला उघडून बसवीन."

त्याच आठवड्यात सरकारनं सांगितलं की सत्तरीच्या पुढच्या कुणीही उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायचं नाही. आणि टॉमीच्या गाई नेमक्या तेव्हाच व्यायला आलेल्या. त्यांना कोण सांगणार, बायांनो, साथ आहे, जरा थांबा? टॉमीनं फोन केला. फोन मीच घेतला. तो म्हणाला, "मिसेस, तुमचा माणूस गाईला घाबरतो का?"

माझा माणूस बूट घालून पोचलासुद्धा.

पहिलीच गाय अडली. देवदत्त गोठ्यात, शर्टाच्या खिशात फोन चालू, आणि टॉमी त्याच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून काठीनं खुणा करत ओरडतोय, "थांब, थांब, अजून नाही, आता!" वासरू मागच्या पायांनी येत होतं. असलं वासरू झटकन ओढावं लागतं, नाहीतर आतच गुदमरतं. देवदत्तनं ओढलं. ते मेल्यासारखं पडलं. टॉमी ओरडला, नाकात गवताची काडी घाल. यानं घातली. ते शिंकलं. अंगभर चिकटा घेऊन देवदत्त घरी आला तेव्हा दारातच मी त्याला अडवलं, कपडे बाहेर काढायला लावले. थंडीत उघडा कुडकुडत तो म्हणाला, "शुभा, पायाळू आहे ग, कालवड आहे." लग्नाला सोळा वर्षं झाली होती. एवढा आनंद मी त्याच्या तोंडावर गुंजन झाली तेव्हा बघितला होता, मध्ये कधी नाही.

त्या पहिल्या दिवसांतले त्याचे प्रताप ऐका. गाय व्याली की तिनं वार खाऊ नये म्हणून फलटणला राखण करतात. हा बाबा चार तास गोठ्यात बादली उलटी टाकून बसला. टॉमी खिडकीतून हसून हसून बेजार. इथं गाय वार खाते, कुणी बघतही नाही. मग एका गाईचा वासराला पुरून उरलेला चीक यानं मागून घेतला. मी खरवस केला, वेलची-जायफळ घालून. देवदत्तनं तो टॉमीच्या खिडकीच्या कट्ट्यावर ठेवला. टॉमीनं खाल्ला, ताटली पुसून खाल्ली, आणि म्हणाला की माझी आई चिकाचं असंच काहीतरी करायची, पन्नास वर्षं झाली, चवच विसरलो होतो. तेव्हापासून दोघांचं जे सूत जमलं ते जमलंच.

महिन्याभरानं टॉमीनं पैशांचा विषय काढला. देवदत्त म्हणाला, पैसे नकोत, अर्धेलीनं करू. अर्धेली म्हणजे काय ते त्यानं खिडकीबाहेर उभं राहून त्या म्हाताऱ्याला समजावलं. त्याच्या फलटणच्या आत्याकडे शेळ्या होत्या. ती गावातल्या बायकांना शेळी पाळायला द्यायची. राखायची त्या बाईनं, आणि होतील ती पिल्लं निम्मी निम्मी. कागद नाही, सही नाही. एकीनं सांगितलं, दुसरीनं ऐकलं, झालं. देवदत्त म्हणाला, "गोऱ्हे सगळे तुझे. कालवडी अर्ध्या. मी वर्षभर राबतो." त्या वर्षी सहा कालवडी झाल्या होत्या. टॉमी म्हणाला, तीन तुझ्या. साथीत हात मिळवायची चोरी, म्हणून टॉमीनं खिडकीतून काठी बाहेर काढली. एक टोक त्यानं धरलं, एक यानं. हलवली. झाला करार.

मी रात्रभर, नाही, नुसती त्या दिवशी नाही, पुढं वर्षभर कटकट केली. "अरे, कागद कर." कारण इथं जनावर असंतसं कुणाचं होत नाही. ज्याच्याकडे सरकारचा हर्ड नंबर, म्हणजे कळपाचा नोंदणी क्रमांक, त्याचं जनावर. कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावर जो आकडा, तो मालक. आमच्याकडे नंबर नव्हता. तिन्ही कालवडी कागदोपत्री टॉमीच्याच. देवदत्त म्हणायचा, "आत्यानं कधी कागद केला नाही." मी म्हणायचे, "तुझी आत्या आयर्लंडला नव्हती!"

तीन कालवडी म्हणजे पायाळू. दुसरी टोस्ट, रंगावरून गुंजननं ठेवलेलं नाव. आणि तिसरी सोळा. सोळाचं नाव बिल्ल्यावरच्या शेवटच्या आकड्यावरून, कारण तोवर आमची कल्पनाशक्ती संपली होती. त्याचं सगळं चित्त त्या तिघींवर. बाकीची वासरं विकली जाणार आणि पुढं काय होणार हे त्याला नीट ठाऊक होतं, त्यावर तो प्रवचन देत नसे आणि त्यांच्या चाऱ्यापाण्यात कसूरही करत नसे. पण या तीन कापायला जाणार नव्हत्या. त्या २०२१ च्या जूनमध्ये वळूकडे सोडायच्या, २०२२ च्या वसंतात व्यायच्या, तोवर टॉमीकडून चार एकर भाड्यानं घ्यायचं, हर्ड नंबर काढायचा. तीन गाई, मग सहा. सेहेचाळिसाव्या वर्षी या माणसाला आयुष्यात काय करायचं ते कळलं होतं. मला ते दिसत होतं. मला ते दिसत नव्हतं, असं मी म्हणणार नाही.

आणि राबला तो. एप्रिलमध्ये गाई कुरणात सोडल्या त्या दिवशी आम्हा दोघींना मुद्दाम बोलावलं. पाच महिने गोठ्यात उभ्या राहिलेल्या, चार-चार वेतं झालेल्या गाई शेपट्या वर करून उधळल्या, पोरींसारख्या उड्या मारत सुटल्या. मी पोट धरून हसले. मग रोज गवत बघायचं. बुटाच्या घोट्याइतकं खाल्लं की पुढच्या तुकड्याचं गेट उघडायचं, मागचं वाढू द्यायचं. जूनमध्ये गवत कापून, गुंडाळून, काळ्या प्लास्टिकमध्ये हिवाळ्यासाठी मुरवायचं. ऑगस्टभर पाऊस. ऑक्टोबरात वासरं आयांपासून तोडली. तीन दिवस चौदा आया कुंपणाशी उभ्या राहून हंबरत होत्या. माझी ऑनलाइन मीटिंग, त्यात तो गोंधळ. जर्मनीचा साहेब विचारतो, तुमच्याकडे काही घडलं आहे का? मी म्हटलं, नाही, शेजारी जरा घरगुती आहे. नोव्हेंबरात जमीन इतकी भिजली की बूट रुतून पाय मोकळा बाहेर यायचा. सगळी गुरं परत गोठ्यात. रोज सकाळी सिलेज, म्हणजे ते मुरवलेलं गवत, टाकणं, शेण ओढणं. घराला तोच वास. पडद्यांनासुद्धा.

इथून पुढं मी जे सांगायची ते असं: २०२१ च्या मे महिन्यात टॉमीच्या खुब्याचं ऑपरेशन ठरलं. त्यानं सगळी गुरं विकायला काढली आणि त्यात देवदत्तच्या तीन कालवडीही घातल्या. बिल्ले त्याच्या नावाचे. शब्द दिलेला, काठी हलवलेली, सगळं गेलं चुलीत. इथं मी जरा थांबायचे. मग कुणीतरी म्हणायचं, "गोरे ते गोरेच." मी मान हलवायचे.

आता खरं.

देवदत्त त्या वसंतात परत चौदा बाळंतपणं करत होता, या खेपेला फोनशिवाय. टॉमीनं लस घेतली होती, तो काठी टेकत गेटपाशी यायचा आणि नुसता बघायचा. सांगायला त्याच्याकडे काही उरलं नव्हतं. आणि त्याच सुमारास देशाच्या दुसऱ्या टोकाला, डब्लिनजवळ, लिक्सलिपच्या चिप कारखान्यात देवदत्तला नोकरी चालून आली. मशिनरीच्या देखभालीची, पगार शॅननपेक्षा बरा. संजीव आणि शोभना, आमचे जुने स्नेही, तिथंच राहतात. संजीवनंच नाव सुचवलं होतं. माझी कंपनी म्हणाली, तू डब्लिनकडून घरून काम केलंस तरी चालेल. सगळं जुळून आलं होतं. आणि हा म्हणतो, "बघू."

बघू! चौदा महिने घर मी ओढत होते. त्याला सरकारची मदत मिळत होती, पण ती किती दिवस? गुंजनला पुढच्या वर्षी मोठी शाळा. आणि मला, स्पष्टच सांगते, त्या कुरणाचा कंटाळा आला होता. तो शेणाचा वास, तो चिखल, जेवताना त्याची ती टोस्टच्या जुलाबांची चर्चा. मला माणसं हवी होती. शोभनाच्या घरी पायी जाता आलं पाहिजे, मराठीत मनसोक्त भांडता आलं पाहिजे. मी तीनदा विचारलं. तीनदा "बघू". चौथ्यांदा मी विचारलं नाही.

एका बुधवारी देवदत्त गाडीच्या तपासणीसाठी एनिसला गेला होता. टॉमी दारात आला. टोपी हातात. साथीच्या आधी-नंतर तो आमच्या दारात आलेला मला आठवत नाही. म्हणाला, खुबा गेला, सगळं विकतोय, पुढच्या गुरुवारी लॉरी येईल. "पण त्याच्या तीन आहेत, मिसेस. त्या मी बाजूला काढतो. वरची चार एकरं मी त्याला देईन, छोट्या गोठ्यासकट. नंबर काढायला जी सही लागेल ती देईन. त्याला सुरुवात होईल." आणि मग, थोडं लाजत, "माझ्यानंतर इथं कुणी असेल, तेवढंच मला बरं."

मी त्याला आत घ्यायला हवं होतं. चहा ठेवून म्हणायला हवं होतं, तो अकराला येईल, त्यालाच सांगा. मी दारातच उभी राहिले आणि इतक्या साळसूदपणे बोलले की माझं मलाच नवल वाटतं. म्हटलं, टॉमी, त्याला लिक्सलिपला नोकरी मिळाली आहे. त्याला जायचं आहे. पण तुम्हाला नाही म्हणायला त्याची जीभ रेटत नाही, आमच्याकडे वडीलधाऱ्यांना असं तोंडावर कुणी सांगत नाही. तेव्हा तुम्हीच त्या तिघी बाकीच्यांबरोबर घाला. त्याची सुटका होईल. आणि मी सांगितलं म्हणून सांगू नका.

टॉमीनं माझ्याकडे बघितलं. "नक्की ना, मिसेस?"

"ग्रँड," मी म्हटलं, इथले लोक 'ठीक आहे'ला म्हणतात तसं. "नक्की."

तो गेला. मी जाऊन कुकर लावला. खरं सांगायचं तर मला हलकं वाटलं. मनात म्हटलं, दोन दिवस तोंड पाडून बसेल, मग लिक्सलिपला जाईल, मग त्याचं त्यालाच पटेल. त्याच्या भल्यासाठीच करते आहे. बायकोनं नाही करायचं तर कुणी करायचं? असं मी पुढे आठ दिवस रोज स्वतःला सांगत होते.

त्या आठ दिवसांत देवदत्त नेहमीसारखाच होता. म्हणजे मला तसा वाटला. दुसऱ्या दिवशी जेवताना म्हणाला, "टॉमी सगळं विकतोय." मी म्हटलं, "हो का?" तो म्हणाला, "हं. पुढच्या गुरुवारी." आणि माझ्याकडे बघत राहिला. मी त्याला आमटी वाढली. शनिवारी आम्ही तिघं कुरणात गेलो. पायाळूनं त्याच्या खिशात तोंड घातलं, तो तिचं कपाळ खाजवत उभा राहिला आणि म्हणाला, "शुभा, तुला काय वाटतं यांचं?" मी म्हटलं, "छान वाढल्यात." रविवारी त्यानं सकाळी चहा केला, माझ्यासमोर ठेवला, स्वतःचा घेऊन बसला, काही बोललाच नाही. मला वाटलं, नोकरीचा विचार करतोय. मी आपली खूश.

गुरुवारी लॉरी आली. मी खिडकीशी, मीटिंगमध्ये, आवाज बंद करून. बाकीची गुरं चढली. या तीन फळीवर चढेनात. लॉरीवाल्यानं काठी उचलली तेव्हा देवदत्तनं त्याला हातानं थांबवलं. बादलीत थोडं खाद्य घेतलं, स्वतः आधी लॉरीत चढला आणि आतून हाक मारली. त्या तिघी त्याच्या मागोमाग चढल्या. पायाळू आधी, मग टोस्ट, मग सोळा. तो बाजूच्या छोट्या दारातून उतरला, कडी लावली. टॉमी गेटपाशी उभा होता. देवदत्त त्याच्याजवळ गेला, दोघं लॉरी वळेपर्यंत शेजारी उभे राहिले. मला वाटलं, काय हा भोळा सांब! ज्यानं गळा कापला त्याच्याच शेजारी उभा राहतोय. म्हणजे बघा, मीच केलेलं, आणि मीच त्याच्या जागी टॉमीवर चिडत होते. माणसाचं डोकं काय चालतं कुणास ठाऊक.

तो घरी आला. बराच वेळ हात धूत होता. मग पानावर बसला आणि म्हणाला, "गेल्या."

आणि मी म्हणाले, "टॉमीनं असं करायला नको होतं. इतका विश्वास टाकलास त्याच्यावर. हलकट माणूस."

तो म्हणाला, "हं." आणि भात कालवला.

ऑगस्टमध्ये आम्ही लिक्सलिपला आलो. तो नोकरीवर रुजू झाला, चोख काम करतो, कुरकुर नाही. माझं सगळं मनासारखं झालं. शोभना चार घरं सोडून. पण घरात काहीतरी बंद पडलं होतं. तो माझी टिंगल करेनासा झाला. दोष शोधायचा तो विनोदसुद्धा बंद. विचारलं तर उत्तर द्यायचा, मागितलं तर आणून द्यायचा, आणि मीठ कमी आहे हेही सांगायचा नाही. मी म्हणायचे, कालवडींचं दुःख आहे, जाईल. आणि लोकांत बसले की ती गोष्ट सांगायचे. का सांगत होते? जितक्या वेळा सांगीन तितकी ती खरी होत जाईल असं वाटत असावं. खरंच, तिसऱ्या-चौथ्या वेळेनंतर मला टॉमीचा मनापासून संताप यायला लागला होता. शिव्या तोंडात गोड लागायच्या.

दिवाळीच्या रविवारी दुपारी आमच्याकडे फराळाला वीसेक माणसं. नवीन आलेली दोन पोरं होती, इथं शिकणारी. शोभना म्हणाली, "शुभदा, त्यांना ती गाईंची गोष्ट सांग ना!" मी पदर खोचूनच बसले. गोठा, पायाळू, काठीचं टोक, सगळं रंगवलं. "आणि मग त्या म्हाताऱ्यानं..." एवढं म्हणते आहे तोच देवदत्त चकलीचं ताट खाली ठेवून म्हणाला, "टॉमीला शिव्या द्यायच्या नाहीत."

आवाज चढवला नाही. संजीव म्हणाला, "अरे, पण त्यानं फसवलं ना तुला?"

"त्यानं नाही फसवलं," देवदत्त म्हणाला, आणि रिकाम्या वाट्या गोळा करून स्वयंपाकघरात गेला.

मी उठून मागं गेले. दार लोटलं. तो नळाखाली वाट्या धरून उभा होता. मी म्हटलं, "देवदत्त, मला तुला काहीतरी सांगायचं आहे." सहा महिने जे गळ्याशी अडकलं होतं ते मी त्या सिंकपाशी भडाभडा ओकले. बुधवार, टॉमी, टोपी, चार एकर, माझं ते ग्रँड. रडत होते. बाहेर पोरं हसत होती. तो वाट्या विसळत राहिला.

मग म्हणाला, "माहीत आहे."

"काय माहीत आहे?"

"टॉमीनं त्याच दिवशी दुपारी फोन केला. म्हणाला, तुझ्या मिसेसला दिलेला शब्द मोडतोय, पण तुला दिलेला शब्द आधीचा आहे. सगळं सांगितलं. विचारलं, काय करू?"

"मग तू... तू काय म्हणालास?"

"म्हटलं, अजून आठ दिवस आहेत. ती सांगेल मला. तोवर कुणाला काही बोलू नकोस. आणि नाही सांगितलं तर ती म्हणते तसं कर."

माझं डोकंच फिरलं. लाज वाटायला हवी होती, आणि मला संताप आला. मी ओरडलेच, दबक्या आवाजात, पाहुणे होते म्हणून. "म्हणजे तुझ्या हातात होतं! एक शब्द बोलला असतास तर त्या राहिल्या असत्या! तूच चढवल्यास त्यांना लॉरीत! आणि मला सहा महिने हे असं जाळत ठेवलंस? मला विचारायचं होतंस ना! तोंड नव्हतं तुला?"

त्यानं नळ बंद केला.

"विचारलं असतं तर तू खोटं बोलली असतीस," तो म्हणाला. "ते मला ऐकायचं नव्हतं. म्हणून नाही विचारलं. आठ दिवस सांभाळून राहिलो, तुला खोटं बोलावं लागू नये म्हणून. त्या तिघी गेल्या तरी चालेल म्हटलं, पण ते नको." त्यानं फडक्यानं एक वाटी पुसली, ठेवली, दुसरी घेतली. "आणि मग त्या गेल्यावर मी घरी आलो, पानावर बसलो, आणि तू मी न विचारताच ते खोटं बोललीस."

बाहेरून शोभनानं हाक मारली, चहा टाकू का म्हणून. देवदत्तनं फडकं ओट्यावर ठेवलं, "टाकतो, टाकतो," म्हणत माझ्या मागचं दुधाचं पातेलं उचललं, आणि मी वाटेत होते म्हणून म्हणाला, "जरा सरक."